विद्यारंभाचे वय : एक ऐतिहासिक विचार

मुलास शाळेत केव्हा घालावे, हा प्रश्न सांप्रत आपल्या ज्ञातीतील बहुतेक तरुण घरांत पडलेला दिसतो. लग्नात, बारशात, वार्षिक मेळाव्यात, कोठेही चार माणसे जमली की, "गुरुजी, अडीच वर्षे झाली, आता नर्सरीत घालावा ना?" असे कोणीतरी आम्हांस विचारतेच. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. शेजारच्याचे मूल गेले, आपले मागे राहील, ही धास्ती त्यामागे असते आणि आम्ही केवळ मान डोलवावी एवढीच अपेक्षा असते. आमच्या नोकरीची बहुतेक वर्षे प्राथमिक शाळेत, आणि त्यांतलीही पुष्कळशी पहिलीच्या वर्गावर गेली. त्यामुळे या विषयावर आमचे काही मत बनलेले आहे. परंतु मत सांगण्यापूर्वी इतिहास सांगणे बरे. कारण शाळेचे म्हणून जे वय आज निसर्गाने नेमून दिल्यासारखे वाटते, ते वेळोवेळी माणसांनी आपल्या सोयीने ठरविलेले आहे, आणि ती सोय दर वेळी मुलाचीच होती असे नाही.

आपल्याकडील जुन्या ग्रंथकारांनी विद्यारंभाचा संस्कार सामान्यतः पाचव्या वर्षी सांगितला आहे. कौटिल्याने राजपुत्राच्या शिक्षणाचा क्रम देताना चौलकर्म झाल्यावर लिपी व संख्या आणि उपनयन झाल्यावर पुढील विद्या असे म्हटले आहे. चौल तिसऱ्या वर्षी होत असे, म्हणून तिसऱ्या वर्षी अक्षरे, असा अर्थ काढून काही मंडळी आजच्या नर्सरीस अर्थशास्त्राचा आधार देतात. हा ओढूनताणून आणलेला आधार होय. चौलानंतर म्हणजे चौलाच्या दुसऱ्या दिवशी नव्हे. शिवाय ती व्यवस्था राजवाड्यातील एका मुलासाठी होती, साठ मुलांच्या वर्गासाठी नव्हती. उपनयनाचे वय तर वर्णाप्रमाणे आठ, अकरा, बारा असे वेगवेगळे होते. ज्यांना उपनयनच नव्हते त्या बहुसंख्य समाजाच्या मुलांना अक्षराचे कोणतेच वय नव्हते, हेही येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांची शाळा म्हणजे बापाचे चाक, माग, भाता किंवा नांगर. तेथे मूल तीन वर्षांचे असताना पाहू लागे, पाच-सहा वर्षांचे झाले की हाताखाली वस्तू देऊ लागे आणि अंगात बळ येईल तसे काम शिके. त्या शाळेत प्रवेशाची तारीख नव्हती.

पंतोजीच्या शाळेत मूल कसे जाई याचे एक उत्तम वर्णन बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने १८२३ साली मद्रास सरकारास पाठविलेल्या अहवालात आहे. त्या जिल्ह्यात त्याने ५३३ शाळा मोजल्या होत्या आणि त्यांपैकी २३ मराठी होत्या. म्हणून हे वर्णन आपल्यासही परके नाही. मूल पाच वर्षांचे झाले की आईबाप पंतोजीस आणि शाळेतील सर्व मुलांस घरी बोलावीत. गणपतीच्या मूर्तीभोवती सारे गोलाकार बसत, नव्या मुलास मूर्तीच्या समोर बसवीत, गुरुजी शेजारी बसून प्रार्थना म्हणवून घेत आणि मुलाचे बोट धरून तांदळांत देवाचे नाव गिरवीत. आम्हांस या वर्णनातील एक गोष्ट फार विचार करण्याजोगी वाटते. मूल शाळेत जाण्याआधी शाळा मुलाच्या घरी येत असे. नव्या मुलाला गुरुजीचा चेहरा आणि सोबत्यांचे चेहरे आपल्याच ओसरीवर ओळखीचे होत. आज फाटकाशी आईच्या पदराला लटकून ऊर फुटेस्तोवर रडणारे मूल पाहिले की या जुन्या रीतीची आठवण होते. अर्थात त्या शाळांचे गुणगान करण्याचाही आमचा हेतू नाही. पाठ केलेल्या पद्यांचा अर्थ मुलांस कळत नाही आणि गुरुजींसही क्वचितच सांगता येतो, अशी तक्रार त्याच कॅम्पबेलने केली आहे. धुळाक्षरे आणि घोकंपट्टी, चुकल्यास छडी, हाच तो क्रम होता.

इंग्रजी अंमलात सरकारी मराठी शाळा निघाल्या आणि पहिलीच्या खाली लहान मुलांचा एक वर्ग आला. त्यास आपले लोक बिगरी म्हणत. बिगर इयत्ता, म्हणजे ज्यास इयत्ताच नाही तो वर्ग, अशी या शब्दाची फोड सांगतात. बिगरीत किती वर्षांचे मूल घ्यावे याचे नियम कागदावर होते. खेड्यात ते पाळणार कसे? जन्माची नोंद क्वचितच केलेली. "मोठा पूर आला त्या साली झाला" किंवा "थोरलीच्या लग्नाच्या वेळी रांगत होता" एवढीच माहिती आई देई. तेव्हा गुरुजी मुलास उभे करून उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानास लावावयास सांगत. बोटे कानास पोहोचली की मूल शाळेजोगे झाले. पुष्कळांस ही खुळी रीत वाटते, पण तीत तथ्य होते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात. सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास हात लांब होऊन कानास लागू लागतो. म्हणजे गुरुजी नकळत पंचांगापेक्षा मुलाच्या वाढीकडे पाहात होते. त्यानंतर शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख लिहावयाची वेळ येई, आणि गुरुजी बेधडक १ जून लिहीत. महाराष्ट्रातील एका पिढीचे निम्मे लोक जणू १ जूनलाच जन्मले! आपल्या ज्ञातीतील ज्येष्ठांच्या निवृत्तीच्या तारखा पाहिल्यास पुष्कळजण एकाच मे महिन्याच्या अखेरीस सेवानिवृत्त झालेले आढळतील. यामुळे कोणाचे एखादे वर्ष वाढले, कोणाचे गेले. पण सहा महिने कमी की जास्त यावरून कोणाच्या घरात झोप उडाली असे आम्ही ऐकले नाही.

आता विलायतेकडे वळू. अगदी लहान मुलांसाठी शाळा काढण्याचा मान बहुधा रॉबर्ट ओवेन यास दिला जातो. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे त्याची सूतगिरणी होती. आईबाप दोघेही गिरणीत. मग लहानग्यांनी जावे कोठे? १८१६ साली त्याने त्यांच्यासाठी शिशुशाळा उघडली आणि जेम्स बुकॅनन नावाचा एक विणकर व मॉली यंग नावाची एक सतरा वर्षांची मुलगी अशा दोघांवर ती सोपविली. त्यांनी मुलांस मारू नये, रागावू नये आणि पुस्तकांनी त्रास देऊ नये, अशी ओवेनची ताकीद होती. नाच, गाणे, मोकळी हवा आणि मुले विचारतील त्या गोष्टींवर बोलणे, एवढाच अभ्यासक्रम. पुढे या कल्पनेचा प्रसार झाला तेव्हा मात्र सॅम्युएल वाइल्डरस्पिन प्रभृतींनी पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर शेकडो मुले बसवून एकसुरात पाठ म्हणवून घेण्याची पद्धत आणली. खेळाची शाळा अशी एका पिढीत पाठांतराची शाळा झाली. ही गोष्ट पुढेही पुन्हापुन्हा घडलेली दिसेल.

१८७० च्या कायद्याने इंग्लंडात पाच वर्षांपासून सक्ती करण्याची मुभा स्थानिक शिक्षण मंडळांस मिळाली, आणि १८८० साली ती सक्ती सर्वत्र झाली. हे पाच वर्षांचे वय बालमनाचा अभ्यास करून ठरविलेले नव्हते. सक्ती पाचाची असली तरी त्याहून लहान मुलेही शाळेत आणून बसविली जात. १९०० च्या सुमारास तेथील तीन ते पाच वयाच्या मुलांपैकी शेकडा ४३ शाळेच्या पटावर होती. १९०५ साली पाच स्त्री-निरीक्षकांनी या वर्गांची पाहणी करून आपला अभिप्राय दिला. बाकावर तासन्‌तास गप्प बसविलेल्या या बालकांस शिक्षणाचा लाभ काहीच होत नाही, आणि त्यांस शिक्षिकेपेक्षा मायेने सांभाळणारी बाई अधिक उपयोगी, असा त्याचा इत्यर्थ होता. त्यानंतर पाचाखालील मुलांस नाकारण्याची मोकळीक मिळाली आणि दहा वर्षांत हे प्रमाण शेकडा २३ वर आले. येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शाळेचे दार बंद झाले म्हणून गरीब घरची मुले मायेच्या कुशीत गेली असे नव्हे. पुष्कळशी रस्त्यावर गेली. सुधारणेचा खर्च बहुधा दुबळ्यांकडूनच वसूल होतो.

'किंडरगार्टन' हा शब्द आज आपल्या गल्लोगल्ली पाट्यांवर दिसतो. त्याचा जनक फ्रीड्रिश फ्रोबेल हा जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातला. जन्म १७८२ चा. वर्षाचा होण्याआधीच त्याची आई वारली, आणि मातृसुखास पारखा झालेला हा मनुष्य पुढे जगभरच्या आयांस मूल कसे खेळवावे हे शिकविता झाला. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने बालकांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तीस 'मुलांची बाग' हे नाव दिले. तेथे लोकरीचे रंगीत चेंडू होते, लाकडी गोल, घन आणि नळकांडे होते, ठोकळे होते, गाणी होती, प्रत्येक मुलाचा स्वतःचा भाजीचा वाफा होता. अक्षरे गिरविण्याचे वर्ग नव्हते. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली. पुतण्या कार्ल फ्रोबेल याच्या लेखनाचा दोष काकाच्या माथी मारला गेला, असे सांगतात. चेंडू खेळणाऱ्या मुलांत राज्यक्रांतीची आणि नास्तिकपणाची भीती दिसली! पुढल्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० साली. तोवर त्याच्या शिष्या ती कल्पना घेऊन परदेशी गेल्या होत्या. १८७३ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे सुझन ब्लो यांनी सरकारी शाळेस जोडून किंडरगार्टन उघडले. बाग शाळेच्या आवारात आली खरी, परंतु हळूहळू शाळेची झाली. आपल्याकडे ती आली तेव्हा लोअर आणि अप्पर अशा दोन इयत्ता होऊन, दप्तर घेऊन आणि गृहपाठासह आली. फ्रोबेलने आजची एखादी के. जी. ची वही पाहिली असती तर ती आपल्याच बागेतली आहे हे त्याने ओळखले नसते.

मारिया माँटेसोरी यांची कथा वाचकांस ठाऊक असेल. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे बालगृह सुरू झाले. तेथेही कारण तेच. आईबाप कामावर जात आणि मागे राहिलेली मुले इमारतीच्या भिंती खराब करीत, म्हणून घरमालक संस्थेनेच ही सोय केली. तेथील चार वर्षांची मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत एके दिवशी आपण होऊन लिहू लागली, आणि हे पाहावयास देशोदेशीचे लोक लोटले. लवकर शाळेत घालणाऱ्यांचा हाच मोठा दाखला. परंतु त्या मुलांस कोणी लिहावयास बसविले नव्हते, ही गोष्ट दाखला देणारे विसरतात. बाई १९३९ साली भारतात आल्या. महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या आणि अड्यार येथून त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले.

त्यापूर्वीच भावनगरला वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले होते. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ साली तेथे गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी विचार केला की, हे सारे साहित्य महाग, हे सारे मंदिर शहरातल्या सुखवस्तूंचे. खेड्यातल्या मुलाचे काय? १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. तेथे त्यांस अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. मुले बालवाडीत येईनात. कोणी गुरे राखी, कोणी धाकटे भावंड कडेवर घेऊन फिरे. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, पाने, गारगोट्या हेच साहित्य. मुलाची आंघोळ घालण्यापासून शिक्षणास आरंभ होई. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आला. पंतोजी ओसरीवर जाई, ताराबाई अंगणात गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू केली. आज गावोगाव अंगणवाड्या आहेत. आपल्या ज्ञातीतील काही घरांत "अंगणवाडीत काय शिकवतात, खिचडी तर देतात" असे तुच्छतेने बोलले जाते. आमच्या पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलांपैकी कोणते अंगणवाडीत गेलेले आहे हे पहिल्या आठवड्यातच कळत असे. ते नाव सांगे, रांगेत उभे राही, दुसऱ्याच्या हातचे हिसकावीत नसे.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे असे मागितले. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व बडोदे संस्थानात ते सक्तीचे केले. नामदार गोखले यांनी १९११ साली मांडलेले विधेयक सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी होते. १९१२ साली ते फेटाळले गेले. १९३७ च्या वर्धा योजनेने सात हे आरंभाचे वय धरले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिलीस सहा वर्षे पुरी असावीत असे सुचविले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा ही मर्यादा घातली आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानून पहिलीसाठी सहाच वर्षे सांगितली. या सर्व थोर पुरुषांस चिंता होती ती मूल शाळेतून लवकर निघून जाण्याची. मूल लवकर घुसविण्याची चिंता ही पोटभर खाणाऱ्या घरांची आहे, आणि ती फार अलीकडची आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. २०२० साली महाराष्ट्र शासनाने वय मोजण्याची तारीख ३१ डिसेंबर ठरविली. त्या वर्षाअखेर तीन वर्षे पुरी होणारे मूल नर्सरीत आणि सहा पुरी होणारे पहिलीत बसू शकते. शाळा मात्र जूनमध्ये सुरू होते. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेले मूल अडीच वर्षांचेही नसताना नर्सरीत आणि साडेपाच वर्षांचे नसताना पहिलीत जाऊ शकते. १ जानेवारीला जन्मलेले त्याच्या मागच्या वर्गात बसते. एका रात्रीचे अंतर, पण एकजण वर्गातला सर्वांत लहान आणि दुसरा सर्वांत मोठा. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा होय. हा नियम किमान वयाचा आहे, सक्तीचा नाही, हे पुष्कळ पालकांस ठाऊकच नसते.

या 'वर्गातल्या सर्वांत लहान' मुलांविषयी अलीकडे देशोदेशी अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जेथे १ सप्टेंबर ही तारीख आहे तेथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांवर चंचलपणाच्या विकाराचा शिक्का सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा शेकडा ३४ अधिक प्रमाणात बसलेला आढळला. त्यांतील काहींस विकार नसावा, केवळ वय कमी असावे. उलट नॉर्वेतील २०११ च्या अभ्यासात, उशिरा शाळेत गेल्याने प्रौढपणी बुद्धीत किंवा मिळकतीत म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचन शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुले अकराव्या वर्षी सारखीच वाचू लागली होती. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जाते आणि २००० सालच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत वाचनात तोच देश पहिला आला. अर्थात तेथे घरोघरी पुस्तके आहेत आणि सातापूर्वी उत्तम बालगृहे आहेत, हे सोडून बोलता येणार नाही. अमेरिकेतील यप्सिलँटी गावी १९६२ पासून तीन-चार वर्षांच्या गरीब मुलांवर झालेल्या प्रयोगात त्या शाळेचा लाभ चाळिशीपर्यंत दिसला. तेथे वर्ग लहान होता आणि शिक्षिका दर आठवड्यास घरी जात होती. ताराबाईंच्या कामाची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

आमचे मत विचाराल तर, 'लवकर शाळा' या दोन शब्दांत दोन निराळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. घराबाहेर चार मुलांत लवकर जाणे हे बहुतेक मुलांस चांगलेच. ज्या घरी नवराबायको दोघेही नोकरीस जातात आणि सासूबाई गावी असतात, तेथे तर ते आवश्यकच आहे; त्यात त्या आईने लाजावे असे काही नाही. न्यू लॅनार्कची आणि सान लोरेंझोची आई तरी दुसरे काय करीत होती? परंतु लवकर पेन्सिल हातात देणे ही गोष्ट वेगळी. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातील आठ अस्थींपैकी बऱ्याचशा अजून कूर्चाच असतात. त्या हाताने चार ओळींच्या वहीत अक्षरे काढविणे म्हणजे कच्च्या मडक्यात पाणी भरणे होय. पहिलीत आम्हांस सर्वांत जड जाई ते मूल अक्षरे न येणारे नव्हे, तर चुकीच्या वळणाने अक्षरे घोटून आलेले आणि पाटी पाहिली की तोंड फिरविणारे.

म्हणून जूननंतर, विशेषतः ऑक्टोबर ते डिसेंबरात, जन्मलेल्या मुलाच्या पालकांस आम्ही सांगतो की, तारखेत बसते म्हणून घालू नका. मूल स्वतः जेवते का, शौचाचे सांगते का, अनोळखी माणसास आपली गरज बोलून दाखविते का, गोष्ट संपेपर्यंत बसते का, हे पाहा. आणि वर्गात मुले किती व बाई किती हे शाळेत जाऊन विचारा. ज्या शाळेत अडीच वर्षांच्या मुलाची मुलाखत घेतात तेथून परत फिरा. अशा मुलाखती बंद कराव्यात असे यशपाल समितीने १९९३ सालीच सांगितले आहे.

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापतो, तीत गुण असतात, वय नसते. दहावीस कोण साडेचौदाव्या वर्षी बसला आणि कोण साडेपंधराव्या, हे कोणी विचारीत नाही.

दोन वर्षांपूर्वी ज्ञातीतील एक दांपत्य डिसेंबरात जन्मलेल्या आपल्या मुलीविषयी विचारावयास आले होते. आजोबांचा आग्रह वर्ष वाया घालवू नये असा होता, आणि फीचा पहिला हप्ताही भरलेला होता. मुलगी हुशार, पण घराबाहेर तोंडातून शब्द काढीत नसे. पुष्कळ चर्चेनंतर त्यांनी तो प्रवेश सोडला. हप्ता परत मिळाला नाही. मुलगी घराजवळच्या बालवाडीत मातीत खेळत राहिली; आता तिथल्या लहान मुलांस तीच गोष्टी सांगते असे ऐकतो. येत्या जूनमध्ये ती पहिलीत जाईल तेव्हा साडेसहा वर्षांची असेल.